भीतीच्या शेजारी बसताना



ज्या माणसाने पुढे असंख्य लोकांना भीतीतून बाहेर काढलं, तो तरुणपणी स्वतः पराकोटीचा लाजाळू होता. अल्बर्ट एलिस. जन्म १९१३चा, पिट्सबर्गचा, वाढला न्यूयॉर्कमध्ये. ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात तो वरचेवर जाई. बाकावर मुलगी एकटी दिसली की बोलावंसं वाटे, पण धीर होत नसे. काहीतरी सबब काढून तो पुढे निघून जाई.

एकोणिसाव्या वर्षी त्याने स्वतःला महिनाभराचा गृहपाठ दिला. एकटी मुलगी दिसली की तिच्याच बाकावर जाऊन बसायचं आणि मिनिटभरात बोलायला लागायचं. त्यानेच सांगितलेली हकिकत अशी : १३० जणींच्या शेजारी तो बसला. ३० जणी उठून गेल्या. १०० जणींशी बोलणं झालं. भेटायचं कबूल केलं फक्त एकीनं, आणि तीही आली नाही!

हिशेब मांडला तर पदरात काहीच पडलं नाही. पण ज्या नकाराला तो घाबरत होता, तो त्याने पोटभर पचवला. त्याच्यावर आभाळ कोसळलं नाही आणि बोलायची भीती ओसरली.

ही भीती खरी कशाची होती? मुलींची नव्हे. ‘तिने नाकारलं तर मी कवडीमोलाचा’ हा निवाडा मनाच्या तळाशी होता. आपण ज्याला आतला अंधार म्हणतो, तो बहुतेकदा असाच, कधी न तपासलेला निवाडा असतो. १९५५ पासून एलिस यांनी उभी केलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती नेमकं तेच विचारते : नकार मिळाला, वाईट वाटलं, ठीक, पण त्यावरून अख्ख्या माणसाची किंमत कशी ठरते?

प्रसंग टाळला की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणंच भीतीला खतपाणी घालतं. म्हणून एलिस नुसत्या विचारावर थांबत नसत, कृती करायला लावत. केळ्याला दोरी बांधून ते भर रस्त्यात ओढत न्यायचं. भुयारी रेल्वेत स्टेशनांची नावं मोठ्याने पुकारायची. लोक बघतात, हसतात आणि आपापल्या वाटेने जातात. हे ऐकून पटत नाही, अनुभवावं लागतं.

एक मात्र कळकळीने सांगतो. अत्याचार, अपघात अशा आघातातून आलेली भीती एकट्याने उकरू नका. तिथे तज्ज्ञाची सोबत हवी. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी आहे.

बाकीच्या रोजच्या भीतींपैकी एक, झेपेल अशी, निवडा आणि या आठवड्यात तिच्या शेजारी जाऊन बसा. सुरुवात इथेच करता येईल. आता प्रश्नोत्तरांची वेळ आहे. ज्यांनी आजवर सभेत कधी तोंड उघडलेलं नाही, त्यांनी आज पहिला प्रश्न विचारावा, अशी माझी विनंती आहे.