नॉर्वेचा नकार आणि मजूर पक्ष

युरोपातील सार्वमतांची चर्चा निघाली की बहुधा ब्रिटनचेच उदाहरण दिले जाते. परंतु समाजवादी कार्यकर्त्यांनी अधिक बारकाईने पाहावे असे सार्वमत सप्टेंबर १९७२ मध्ये नॉर्वेत झाले. युरोपीय सामायिक बाजारपेठेत सामील व्हावे काय, हा प्रश्न होता. सत्ताधारी मजूर पक्ष, कामगार महासंघाचे नेतृत्व, उद्योगपती, जहाजमालक आणि बहुतेक मोठी वृत्तपत्रे 'होय' म्हणत होती. तरीही ५३.५ टक्के मतदारांनी 'नाही' म्हटले.

या नकाराला कूपमंडूक वृत्ती म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्याकडे पाहा. शेतीला जमीन थोडी, उन्हाळा आखूड. वस्त्या जगतात त्या मासळीवर. व्यापाऱ्याने बंदरात बसून भाव पाडावा आणि होडीवाल्याने तो मुकाट्याने घ्यावा, हा तेथील जुना क्रम. मंदीच्या वर्षांतील हलाखीनंतर १९३८ च्या कायद्याने मासळीची पहिली विक्री मच्छीमारांच्याच विक्री संघांच्या हाती दिली, तेव्हा कुठे तो मोडला. आणि बाजारपेठेच्या सहा सभासद देशांनी काय केले? १९७० साली नॉर्वे, ब्रिटन, डेन्मार्क व आयर्लंड यांच्याशी वाटाघाटी सुरू होण्याच्या सुमारासच, परस्परांच्या किनारी पाण्यात सर्वांना मासेमारीची समान मोकळीक, हे तत्त्व त्यांनी मान्य करून ठेवले. ज्यांच्यापाशी मासळी थोडी त्यांनी, ती विपुल असणारे येण्यापूर्वीच वाटणीचा नियम ठरवून टाकला! नॉर्वेला काही वर्षांची सवलत मिळाली, कायमची हमी मिळाली नाही. मत्स्यव्यवसाय मंत्री क्नुट हूम यांनी याच प्रश्नावर जानेवारी १९७२ मध्ये राजीनामा दिला.

पंतप्रधान ट्रिग्वे ब्रात्तेली हे नाझी छळछावण्यांतून वाचलेले गृहस्थ. युरोपातील राष्ट्रांनी पुन्हा परस्परांवर शस्त्र धरू नये, ही अशा माणसाची तळमळ हेटाळण्याजोगी नव्हती. चूक होती ती रीतीत. कौल प्रतिकूल आल्यास सरकार राजीनामा देईल, असे जाहीर करून त्यांनी एका धोरणावरील मताला पक्षनिष्ठेची कसोटी बनविले. पक्षातील विरोधकांनी आपली स्वतंत्र माहिती समिती स्थापन केली. ओस्लोने दोन तृतीयांश मतांनी होकार दिला. उत्तरेकडील जिल्ह्यांत सत्तर टक्क्यांच्या आसपास मते विरोधात पडली. राजधानीतील नेतृत्वाला आपल्याच किनाऱ्याचा आवाज ऐकू आला नव्हता.

सार्वमत कायद्याने केवळ सल्ल्यापुरते होते. तथापि ब्रात्तेली यांनी शब्द पाळला व सरकार पायउतार झाले. १९६९ साली ४६.५ टक्के मते मिळविणारा मजूर पक्ष १९७३ च्या निवडणुकीत ३५.३ टक्क्यांवर घसरला. पक्षाबाहेर पडलेल्या विरोधकांनी इतर डाव्या गटांसह उभारलेल्या आघाडीने १६ जागा जिंकल्या.

हा धडा पक्षाने उशिरा का होईना, घेतला. १९९४ च्या दुसऱ्या सार्वमताच्या वेळी ग्रू हार्लेम ब्रुंटलांड यांच्या नेतृत्वाखालील पक्षाने आपल्यातील विरोधकांना उघडपणे संघटित होऊ दिले. ५२.२ टक्क्यांनी पुन्हा 'नाही' म्हटले, पण पक्ष फुटला नाही. मात्र नकारवाद्यांनीही फार हुरळून जाण्याचे कारण नाही. त्याच वर्षी अमलात आलेल्या युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या करारामुळे बाजारपेठेचे बहुतेक नियम नॉर्वेला लागू होतात, आणि ते संमत करणाऱ्या सभांत नॉर्वेला मत नाही. सामायिक शेती आणि मासेमारी धोरण त्या कराराच्या बाहेर राहिले आहे.