खेळाचा तास सर्व मुलांचा



नाशिक जिल्ह्यातील हरसूलच्या डोंगराळ मुलखात सावरपाडा नावाचा एक आदिवासी पाडा आहे. तेथील कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत १०,००० मीटर धावण्याच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले. त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत त्याच अंतरासाठी त्यांना रौप्यपदक लाभले. चांदवड या अवर्षणप्रवण तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर नौकानयन शिकले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात ते १३ वे आले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तीन सहकाऱ्यांसह त्यांनी सुवर्णपदक पटकाविले.

ही उदाहरणे ऐकून कित्येकांना वाटते की, कष्टाचे जीवनच खेळाडू घडविते. हा समज घातक आहे. चढउतारावर वावरल्याने दम वाढतो हे खरे. परंतु पाण्याचा हंडा हे काही क्रीडासाधन नव्हे. कविता राऊत यांना नाशिक शहरात प्रशिक्षक लाभले, भोकनळ यांना सैन्यात नाव व वल्हे मिळाले, तेव्हा अंगचा गुण प्रकट झाला. ज्यांना अशी संधी मिळाली नाही, त्यांची गणती कोणी केलेली नाही.

खेड्यातील गरीब मुलाला ही संधी प्रथम मिळते ती प्राथमिक शाळेतच. शहरातील पालक शुल्क भरून मुलास क्रीडासंकुलात धाडू शकतो. मजुरी करणाऱ्या पालकाजवळ शाळेच्या तासाखेरीज दुसरे काय आहे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेस क्रीडांगण व प्रत्येक वर्गास खेळाचे साहित्य असावे असे ठरविले आहे. परंतु वेळापत्रकातील खेळाचा तास गणिताच्या उजळणीत खर्ची पडत असेल, तर कायदाही निरुपयोगी ठरतो.

यासाठी मोठा खर्च नको. खो-खोला दोन खांब व आखलेले मैदान पुरते; लंगडी व कबड्डीस तेवढेही लागत नाही. मैदानातील काटे व दगड मात्र आधी वेचून काढावेत, कारण पुष्कळ मुले अनवाणी असतात. चपळ मुलांनाच पुन्हापुन्हा निवडण्याची सवय सोडावी. बाद झालेले मूल उरलेला तास कडेला बसून राहिले, तर ज्याला खेळाची अधिक गरज त्यालाच तो मिळत नाही. म्हणून लहान लहान गट करून प्रत्येकाची पाळी यावी. दोरीने अंतर मोजून महिन्यातून एकदा प्रत्येकाच्या धावण्याची वेळ वहीत टिपावी. मुलाने आपल्याच मागील वेळेशी स्पर्धा करावी.

मुलींच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. शाळा सुटताच पाणी, सरपण व धाकटी भावंडे त्यांची वाट पाहत असतात. त्यांचा सराव शाळेच्या वेळेतच घ्यावा. एखादी मुलगी पाचवी-सहावीत मैदानावर येईनाशी झाली, तर गुरुजींनी वा बाईंनी तिच्या आईची भेट घ्यावी.

एखाद्यात असामान्य गुण दिसला, तर त्याला केंद्र व तालुका स्पर्धेपर्यंत न्यावे आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयास कळवावे. पण शेकडा नव्व्याण्णव मुले पदक मिळविणार नाहीत. त्यांचाही या तासावर तितकाच हक्क आहे. निकोप शरीर, मोकळे हसू व हार सोसण्याचे बळ ही प्रत्येकाच्या वाट्याची कमाई होय, आणि ती त्याच्या पदरात घालणे शिक्षकाच्या हाती आहे.