‘आला मोठा साहेब’

(युवा शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘आयटीतल्या संधी’ असा विषय दिला होता. तो मी त्यांच्याशी बोलून बदलून घेतला. संधींची यादी तुमच्या मोबाइलमध्ये माझ्यापेक्षा ताजी असते. मला बोलायचंय ते आपल्यातला कुणी मुलगा, कुणी मुलगी इंग्रजी सुधारायला लागली की आजूबाजूची माणसं तिच्याशी कशी वागतात याबद्दल.

इंग्रजी अजिबात न येणाऱ्याला आपल्याकडे फारसं कुणी हसत नाही. अस्खलित बोलणाऱ्याला तर नाहीच. हसतात ते मधल्याला. जो काल ‘येस सर, नो सर’वर होता आणि आज एक अख्खं वाक्य जुळवू बघतोय, त्याला. मोहल्ल्यात म्हणतात, ‘आला मोठा साहेब.’ हॉस्टेलवर म्हणतात, ‘फाडतोय बघ.’ कॉन्व्हेंटमधून आलेली मुलं काही म्हणत नाहीत, नुसती एकमेकांकडे बघतात. ते बघणं सगळ्यात जास्त लागतं. म्हणजे खालचे म्हणतात फार उडतोय, वरचे म्हणतात अजून खालीच आहे. अशा वेळी माणूस सोपा मार्ग धरतो आणि गप्प बसतो.

हे गप्प बसणं मी मुलाखती घेताना समोरासमोर पाहतो. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेला मुलगा कागदावर प्रोग्राम बरोबर लिहितो. ‘आता समजावून सांग’ म्हटलं की त्याचा आवाज जातो. मी म्हणतो, मराठीत सांग, हिंदीत सांग. मग तो असा काही बोलतो की बाजूला बसलेला माझा सहकारी पेन खाली ठेवतो. पण खरं सांगायचं तर माझ्या फेरीत तो पास झाला तरी पुढची फेरी असते, आणि तिथे कुणी भाषा बदलून देत नाही.

आपली मुलं या जागी येतात तेव्हा त्यांनी आधीच दोन भाषांमध्ये मार खाल्लेला असतो. घरी दखनी. ती शाळेत बोलली की उस्ताद म्हणतात, ही कसली उर्दू? चौकात मराठी बोललो की कौतुकानं ऐकायला मिळतं, ‘अरे, तू मुसलमान असून किती छान मराठी बोलतोस!’ या कौतुकावर काय उत्तर द्यायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बोलणारा बहुतेक वेळा चांगल्या मनाचाच असतो. पण आपलीच भाषा आपल्याला बक्षीस दिल्यासारखी परत मिळते. अशी दोन दारं पार करून आलेला पोरगा तिसऱ्या दाराशी दबकतच येणार.

आता ज्या चुकांना लोक हसतात त्या जरा नीट बघू. उर्दू बोलणाऱ्यांच्या तोंडी ‘स्कूल’चं ‘इस्कूल’ होतं, ‘स्टेशन’चं ‘इस्टेशन’. त्या बोलीत शब्दाच्या सुरुवातीला ‘स’ आणि दुसरं व्यंजन जोडून येत नाही, म्हणून जीभ आधी एक ‘इ’ लावून घेते. मराठी जिभेला ही अडचण नाही, तिची वेगळी आहे. मराठीत ‘ज’ दोन प्रकारचा. जग म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, दोन्ही म्हणून बघा. एवढं असूनही इंग्रजी ‘झीरो’ म्हणताना मराठी माणूस चक्क झाडातला ‘झ’ वापरतो. उर्दू घरातल्या मुलाला मात्र तो आवाज ‘ज़मीन’मधून आयता मिळालेला असतो. यात अडाणीपणा कुठे आहे? जीभ आपल्या पहिल्या भाषेचे नियम पाळते, एवढंच. इंग्रज माणसाला ‘ळ’ म्हणता येत नाही, आणि त्यानं ‘टिळक’ला ‘टिलक’ म्हटलं तरी आपण टाळ्या वाजवतो.

मुसलमानांनी धर्मापायी इंग्रजीकडे पाठ फिरवली, असं आपल्याला नेहमी ऐकवलं जातं. ते अर्धंच खरं आहे. सर सय्यद अहमद खान यांच्यावर फतवे निघाले, पण त्यांनी १८७५ साली अलीगढची शाळा काढलीच. त्यांना स्वतःला इंग्रजी फारसं येत नव्हतं, हे मला त्या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्या मुंबईत त्याच्या आदल्याच वर्षी अंजुमन-इ-इस्लाम सुरू झाली. तिच्या संस्थापकांत बद्रुद्दीन तय्यबजी होते. आणि त्याच्याही वीस वर्षं आधी, १८५४ च्या ‘काव्यफुले’मध्ये सावित्रीबाई इंग्रजी शिका म्हणून सांगत होत्या.

आज धर्माचं नाव कुणी घेत नाही. आज अडवतं ते घर. मुलगी इंग्रजीत बोलायला लागली की आई काळजीत पडते, हिला आता स्थळ कुठून आणायचं? गंमत अशी, की याच घरात तीन वर्षांच्या नातवाला इंग्लिश मीडियमच्या नर्सरीत घातलेलं असतं. त्याचं मोडकंतोडकं इंग्रजी ‘किती गोड’ असतं. तेच मोडकं इंग्रजी त्याची आत्या बोलली की हसू येतं. २०१२ च्या ‘इंग्लिश विंग्लिश’मध्ये पुण्याच्या शशीला हसणारे बाहेरचे कुणी नव्हते, तिचा नवरा आणि मुलगीच होती.

सकाळच्या सत्रात एकानं विचारलं की आपली चळवळ मराठीचा आग्रह धरते, मग हे इंग्रजीचं काय? प्रश्न योग्य आहे. हमीद दलवाईंनी कथा मराठीत लिहिल्या, ‘इंधन’ मराठीत लिहिली. त्यांचे मुस्लिम राजकारणावरचे विचार महाराष्ट्राबाहेर पोहोचले ते दिलीप चित्रे यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादातून. दोन्ही लागलं. २०२१ पासून जेईई मेन मराठीत आणि उर्दूतही देता येते, ही चांगलीच गोष्ट झाली. पण परीक्षा उर्दूत देऊन आत गेलेल्या मुलीसमोर पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच येतं, आणि वर्गात शंका विचारायची तर तीही इंग्रजीत. शंका गिळली की विषय राहतो.

‘उच्चारांचं काही नसतं रे, आत्मविश्वास हवा,’ असा धीर बरेच जण देतात. मला तो पटत नाही. परदेशी ग्राहकाशी कॉल चालू असताना त्यानं तीनदा ‘सॉरी?’ विचारलं की चौथ्यांदा तो दुसऱ्याला बोलायला सांगतो. उच्चार सुधारावे लागतात. अमेरिकन व्हायची गरज नाही. सावकाश बोला आणि शब्दाची शेवटची अक्षरं खाऊ नका, तेवढ्यानं पुष्कळ काम होतं. त्यासाठी कुणीतरी चूक दाखवावी लागते. आमच्या कामात प्रत्येकाचा कोड दुसरा माणूस ओळ न् ओळ तपासतो. अमुक ओळीत अमुक चुकलंय, असं लिहितो. लिहिणारा दुरुस्त करतो आणि दोघं चहाला जातात. तुझी लायकी काय, असं कुणी विचारत नाही. भाषेची चूकही अशी दाखवता येते: एकट्यात, एका वेळी एक, आणि समोरच्याला हवी असेल तरच.

पुण्यात आम्ही सहा-सात जण रविवारी संध्याकाळी बसतो. एकजण बातमी मोठ्यानं वाचतो, मग सगळे त्यावर बोलतात, इंग्रजीत. अडलं की मराठी किंवा दखनी चालते, पण पुढचं वाक्य पुन्हा इंग्रजीत. जो हसेल तो पुढच्या वेळचे समोसे आणतो. पहिल्या महिन्यात समोसे फार झाले.

आज जेवणानंतर पाऊण तास मोकळा आहे. मागच्या खोलीत खुर्च्या मांडल्यात. ज्यांना यायचंय त्यांनी या, वर्तमानपत्र मी आणलंय.