चाकाच्या पोटातले छर्रे: सायकलचा हब घरी कसा उघडायचा आणि कसा जुळवायचा

आज ऐकता ऐकता हात पण चालवायचे आहेत. सायकल जवळ असेल तर तिच्यापाशी जा. बसमध्ये असाल तर भाग सेव्ह करून ठेवा, घरी गेल्यावर ऐका.

पुढचं चाक जमिनीवरून थोडं उचला. रिम ब्रेकपाशी धरा आणि डावी-उजवीकडे हलवून बघा. 'टक-टक' असं काही जाणवलं तर हब सैल आहे. आता चाक हळूच फिरवा आणि दुसरा हात फ्रेमवर ठेवा. खडी दळल्यासारखी घरघर हाताला लागली तर आत ग्रीस संपलंय, नाहीतर हब जास्त आवळलेला आहे. एक फरक मात्र लक्षात घ्या. चाक फिरताना रिम नागमोडी चालत असेल तर तो स्पोकचा प्रश्न. हाताने ढकलल्यावर रिम हलत असेल तर तो छर्ऱ्यांचा. दुकानात जायच्या आधी एवढं कळलं तरी बरेच पैसे वाचतात.

आता हबच्या आत काय असतं ते बघू. मधून जातो ॲक्सल. त्यावर दोन्ही बाजूंनी आटे असतात आणि त्या आट्यांवर कोन बसतात. हबमध्ये दोन वाट्या असतात, त्यांना कप म्हणतात. कप आणि कोन यांच्या मध्ये छर्रे. आणि कोन जागचा हलू नये म्हणून बाहेरून वायसर आणि चेकनट. झालं, एवढंच! पॅरिसच्या ज्यूल सुरीरे नावाच्या मेकॅनिकने १८६९ मध्ये बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी पॅरिस ते रूआं शर्यत जिंकणाऱ्या जेम्स मूरच्या सायकलला बॉल बेअरिंग होतं. मूळ कल्पना आजही तीच आहे. नव्या, महागड्या सायकलींत पुष्कळदा सीलबंद कार्ट्रिज बेअरिंग असतं. ते जुळवायचं नसतं, खराब झालं की अख्खं बदलायचं. आजचा भाग कप-कोनवाल्यांसाठी.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तुम्ही सायकलवर बसता तेव्हा वजन ॲक्सलमधून खाली येतं, आणि ते झेलतात ॲक्सलच्या खालचे छर्रे. हब फिरतो, त्यामुळे कपचा प्रत्येक भाग आळीपाळीने खाली येतो आणि मार वाटून घेतो. कोन फिरत नाही. त्याची खालची बाजू कायम खालीच, सगळा मार तिच्यावर. म्हणून खड्डे आधी कोनला पडतात. आणि ही आपल्यासाठी चांगली बातमी आहे, कारण कोन स्वस्त असतो आणि सुटा मिळतो. कप हबमध्ये ठोकून बसवलेला असतो. तो गेला की बहुतेक वेळा हब बदलावा लागतो, म्हणजे चाक उसकटून पुन्हा विणायचं, नाहीतर नवंच चाक घ्यायचं. कोनला खड्डे पडले की धातूची बारीक पूड ग्रीसमध्ये मिसळते आणि कपला खरवडायला लागते. वेळेत हब उघडायचा तो एवढ्याचसाठी.

आमच्या सोसायटीतले वॉचमन काका धायरीहून कोथरूडला सायकलने येतात. जाऊन-येऊन साधारण १८ किलोमीटर, म्हणजे चाकाचे रोजचे जवळजवळ ८,००० फेरे. त्यांच्या मागच्या चाकातून करकर यायला लागली. दुकानात सांगितलं, "चाक गेलं, नवीन टाका." काका मला म्हणाले, "दादा, या महिन्यात मुलीची फी आहे. थोडं थांबलं तर चालेल का?" थांबणं म्हणजे कपची वाट लावणं, हे मला माहीत होतं. म्हणून रविवारी पार्किंगमध्येच हब उघडला. डाव्या कोनवर खड्ड्यांची रांग होती, उजवा ठीक होता. कपमध्ये एका जागी बारीक टोचल्यासारखी खूण होती. डावा कोन आणि दोन्ही बाजूंचे छर्रे नवीन आणले, ग्रीस माझ्याकडे होतं. सगळं मिळून एका चांगल्या थाळीच्या पैशात झालं. कपमधल्या खुणेबद्दल काकांना तेव्हाच स्पष्ट सांगितलं, की ही आता जाणार नाही, दर सहा महिन्यांनी उघडून बघावं लागेल. पण चाक चालतंय, आणि फी वेळेवर भरली गेली.

चला, आता काम. पहिल्यांदा करत असाल तर पुढचंच चाक घ्या. मागच्याला फ्रीव्हील असतं, ते काढायला वेगळं टूल लागतं.

सामान काय? कोनसाठी पातळ पाना, कारण जाड पाना कोनच्या खाचेत शिरतच नाही. शिमानोसारख्या बऱ्याच हबना पुढे १३ मिमी आणि मागे १५ मिमी लागतो. चेकनटसाठी साधा पाना, पुष्कळदा १७ चा. चाकाचं बेअरिंग ग्रीस, थोडं डिझेल, जुना कपडा, एक थाळी. आणि मोबाईल! प्रत्येक पार्ट काढायच्या आधी फोटो काढा. जोडताना तोच उपयोगी पडतो.

एक. चाक काढून थाळीवर धरा. एकाच बाजूचा कोन पातळ पान्याने धरून ठेवा आणि चेकनट सोडवा. चेकनट, वायसर, कोन याच क्रमाने मांडून ठेवा. दुसऱ्या बाजूला हात लावू नका. तिकडची जुळणी तशीच राहिली की ॲक्सल पुन्हा मधोमध बसतो.

दोन. ॲक्सल दुसऱ्या बाजूने हळू ओढा. छर्रे थाळीत पडतील. मोजा. पुढे बहुतेक वेळा एका बाजूला ३/१६ इंचाचे १०, आणि मागे १/४ इंचाचे ९. तुमच्या हबात जाळीतले छर्रे असतील तर जाळीचं तोंड कुठल्या दिशेला होतं त्याचा फोटो घ्या.

तीन. सगळं डिझेलने धुवा, कोरडं पुसा. मग बॉलपेनचं टोक कोनच्या चकचकीत पट्ट्यावरून आणि कपच्या आतून फिरवा. डोळ्याला न दिसणारा खड्डासुद्धा पेनच्या टोकाला अडकतो. कोन अडकला तर बदला, जुना कोन नमुना म्हणून दुकानात न्या. छर्रे मात्र सगळेच नवे घाला आणि एकाच पाकिटातले घाला. जुने-नवे मिसळले तर जो छर्रा किंचित मोठा असतो त्याच्यावरच सगळा भार येतो.

चार. कपमध्ये भरपूर ग्रीस भरा आणि छर्रे त्यात चिकटवत जा. शेवटी थोडी फट उरते, ती उरू दे. तिथे एक जास्तीचा छर्रा कोंबायचा नाही. ॲक्सल घाला. कोन बोटांनी टेकेपर्यंत फिरवा आणि किंचित मागे घ्या. मग वायसर आणि चेकनट.

पाच, जुळवणी. सगळा खेळ इथे आहे. आट्याचा एक पूर्ण फेरा म्हणजे साधारण १ मिमी. म्हणजे कोन एक अष्टमांश फिरवला तर फरक पडतो ०.१२ मिमीच्या आसपास. तेवढ्यानेच सैल हब घट्ट होतो. शिवाय चेकनट आवळताना कोन किंचित आत सरकतो. म्हणून कोन आधी जरा सैलच ठेवा, मग त्याला पान्याने धरून चेकनट आवळा. ॲक्सल बोटांनी फिरवून बघा. घरघर लागली तर दोन्ही बाजूंच्या कोनना पाने लावून ते एकमेकांपासून बाहेरच्या दिशेने हलकेच फिरवा, सैल होईल. उलट खेळ जास्त वाटला तर दोन्ही चेकनटना पाने लावून थोडं आवळा. तीन-चार वेळा करावं लागतं. वैतागू नका, सगळ्यांनाच लागतं.

क्विक रिलीज असेल तर एक बारकावा. लिव्हर आवळल्यावर ॲक्सल कणभर दाबला जातो. म्हणून चाक हातात असताना अगदी थोडा खेळ ठेवायचा, आणि लिव्हर बंद केल्यावर तो नाहीसा झाला पाहिजे. नटाचा ॲक्सल असेल तर खेळ ठेवायचा नाही.

शेवटची परीक्षा. चाक सायकलला लावा, उचला आणि सोडून द्या. जड भाग, पुष्कळदा व्हॉल्व्हचा, आपोआप खाली येऊन झोपाळ्यासारखा दोन-चार वेळा झुलून थांबला पाहिजे. मध्येच अडकला तर घट्ट आहे. आता रिम धरून हलवा. टक-टक नाही? मग जमलं!

हे कधी करायचं? पावसाळा संपला की, दिवाळीच्या सफाईत. आणि सायकल कधी हबपर्यंत पाण्यात गेली असेल तर दिवाळीची वाट बघू नका. सर्व्हिस स्टेशनवर प्रेशरचं पाणी हबवर मारू देऊ नका, ते ग्रीसच्या जागी जाऊन बसतं.

तुमच्या सोसायटीत, चाळीत, ऑफिसच्या गेटवर कुणाची तरी सायकल रोज करकरत येत असेल. एकदा तिची रिम धरून हलवून बघा, आणि टक-टक लागली तर त्या माणसाला सांगा. भेटू पुढच्या भागात.