शब्द फोडून बघा

(जालन्यात अकरावी-बारावी आणि डिप्लोमाच्या मुलामुलींसमोर केलेलं भाषण)



तुमच्यापैकी बरेच जण मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेत. मीही मराठी माध्यमाचाच. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी फळ्यावर ‘थर्मोडायनॅमिक्स’ वाचलं आणि वाटलं, हे आपल्याला झेपायचं नाही. व्याख्या पाठ केल्या, तरी विषय राहिला. कुणाला विचारायची लाज वाटायची.

शब्द फोडायचा असतो, हे मला फार उशिरा कळलं. ग्रीकमध्ये ‘थर्मोस’ म्हणजे उष्ण, ‘डायनॅमिस’ म्हणजे शक्ती. एवढं कळलं की थर्मामीटर, डायनॅमो, डायनामाइट हे शब्दही ओळखीचे होतात. भाषातज्ज्ञ सांगतात की ‘थर्मोस’ आणि संस्कृत ‘घर्म’ एकाच मुळातून आलेत. त्याच ‘घर्म’चा मराठीत ‘घाम’ झाला. म्हणजे ज्या शब्दाने मला घाम फुटला, तो घामाचाच नातेवाईक निघाला!

परीक्षा केंद्र घ्या. ग्रीक ‘केंट्रॉन’ म्हणजे अणकुचीदार टोक. कंपासचं टोक जिथे रोवतो, तो मधला बिंदू. हाच शब्द लॅटिनमार्गे इंग्रजीत ‘सेंटर’ झाला आणि ज्योतिष-गणितातून संस्कृतात ‘केंद्र’.

मी रोज अल्गोरिदम लिहितो. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी नावाचे गणिती होते. भारतीय अंकांनी हिशेब कसा करायचा, यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. बाराव्या शतकात ते लॅटिनमध्ये गेलं, तेव्हा त्यांच्या नावाचं ‘अल्गोरित्मी’ झालं. अंक इथले, पुस्तक बगदादचं, शब्द लॅटिनचा, आणि आज तो आपल्या मोबाइलमध्ये आहे.

आता ‘कलम’. कुरआनच्या 68व्या सूरहचं नावच ‘अल-कलम’. अरबीतला हा शब्द ग्रीक ‘कालामोस’वरून आला, असं अभ्यासक मानतात. त्याचा अर्थ बोरू. मराठीत तो लेखणी झाला, कायद्याचं कलम झाला आणि आपल्या मोसंबीच्या बागेतही पोचला. जंबेरीच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरतात, तेही कलमच. फळ लागल्यावर खुंट कुठला, असं बाजारात कुणी विचारत नाही.

म्हणून कुणी म्हणालं की तुमचे शब्द बाहेरचे, तर भांडू नका. जिल्हा, तालुका, तारीख, वकील हे शब्द वगळून एक अर्ज लिहायला सांगा. आणि इंग्रजी आपली नाही, असं तुम्हाला स्वतःला वाटलं, तर ‘घाम’ आणि ‘केंद्र’ आठवा.

एक सावधगिरी बाळगा. आवाज सारखा आहे म्हणून नातं जोडू नका. चांगल्या डिक्शनरीत व्युत्पत्ती दिलेली असते, ती तपासा.

आज घरी जाऊन एका धड्यातले दहा अवघड शब्द वहीत फोडा. बायो म्हणजे जीवन, हायड्रो म्हणजे पाणी, फोटो म्हणजे प्रकाश, लॅटिन ‘सब’ म्हणजे खाली. असे पन्नास तुकडे जमले की नवा शब्द दिसल्यावर छातीत धस्स होणार नाही. आणि अडलं तर हात वर करून विचारा. मी विचारलं नाही, म्हणून माझं एक वर्ष गेलं.