हाताची घडी, तोंडावर बोट, पुढे काय?



15 जूनच्या सुमारास राज्यातल्या बहुतेक शाळांची घंटा वाजते; विदर्भात उन्हामुळे थोडी उशिरा. पहिलीच्या दारात रडारड, दुसरी-तिसरीत पुढच्या बाकासाठी झोंबाझोंबी आणि चौथीत मॉनिटर कोण होणार याची कुजबुज. फुगे, गुलाबाची फुले, नव्या पुस्तकांचा वास, पाहुण्यांसोबतचा फोटो असा प्रवेशोत्सव आटोपतो. दुसऱ्या दिवशी परिपाठ संपवून वर्गात शिरलेला शिक्षक बहुधा तेच वाक्य उच्चारतो, जे कधीकाळी त्याच्या गुरुजींनी उच्चारले होते : हाताची घडी, तोंडावर बोट. वर्ग क्षणभर चिडीचूप होतो. प्रश्न त्याच्या पुढच्या क्षणाचा आहे. तोंडावर बोट ठेवलेल्या मुलाला काय करायचे नाही एवढे कळलेले असते. काय करायचे, ते त्याला कोणी दाखवलेलेच नसते.

प्राथमिक शिक्षक संमेलनाच्या अध्यक्षाने धोरणावर, अभ्यासक्रमावर, नाहीतर शासनाच्या उदासीनतेवर बोलावे अशी आपली रीत. त्यामानाने आजचा विषय किरकोळ वाटेल : चपला कुठे काढायच्या, वही कशी जमा करायची, ‘बाई, एकीला जाऊ?’ असे दर पाच मिनिटांनी कोणी विचारू नये म्हणून काय करायचे. पण पहिली ते चौथीच्या शिक्षकाचा दिवस याच गोष्टींत खर्ची पडतो. वह्या तपासायला मागितल्या की ‘माझी आधी, माझी आधी’ म्हणत अख्खा वर्ग टेबलाभोवती गोळा होतो आणि गणिताच्या तासातले गणित तिथेच राहते. याला मुलांचा द्वाडपणा म्हणता येत नाही. वही देण्याची पद्धत त्यांना शिकवलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

सातचा पाढा चुकला तर कोणताही बरा शिक्षक तो पुन्हा म्हणवून घेतो. नेमके कुठे अडले ते पाहतो. रांग चुकली की मात्र तोच शिक्षक ओरडतो. पाढा शिकवावा लागतो हे आपल्याला मान्य आहे, रांग मात्र मुलाने घरून शिकून यावी अशी आपली अपेक्षा असते. घरी एक बहीण आणि एक आजी असलेल्या सहा वर्षांच्या पोराला तीस जणांत आपली पाळी येईपर्यंत थांबण्याचा अनुभव कुठून असणार?

मधल्या सुट्टीतल्या जेवणाचेच पाहा. 1995 साली सुरू झालेल्या शालेय पोषण आहार योजनेमुळे रोज दुपारी शाळेत खिचडीचे, डाळ-भाताचे पातेले उतरते. एका शाळेत त्याच क्षणी नळावर गर्दी, ताटांचा खणखणाट, सांडलेले पाणी, एखाद्याचे ढोपर फुटलेले. दुसरीत तीच मुले, तोच एकुलता एक नळ, पण सगळे वीस मिनिटांत हात धुऊन, जेवून, ताट घासून मोकळे. फरक बहुधा जूनमध्ये पडलेला असतो. दुसऱ्या शाळेतल्या बाईंनी पहिल्या आठवड्यात पातेले यायच्या आधीच, रिकाम्या ताटांनी, या सगळ्याचा सराव घेतलेला असतो. आधी स्वतः करून दाखवले : ताट छातीशी धरायचे, पुढच्याच्या पाठीला लागायचे नाही, नळ आपण सोडला तर आपणच बंद करायचा. मग दोन मुलांनी करून दाखवले, बाकीच्यांनी नीट पाहिले आणि काय चुकले ते सांगितले. मग एकाने मुद्दाम चुकीचे करून दाखवले. त्यावर वर्ग पोट धरून हसला. मग सगळ्यांनी करून पाहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर आणखी एकदा, कारण सुट्टीत मुले पाढेही विसरतात. ही उजळणी करताना बाईंना अपमान वाटत नाही.

ही कल्पना परदेशातून आलेली नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेतले गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ‘दिवास्वप्न’ लिहिले. त्यातला शिक्षक चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतो, पहिल्याच दिवशी मोठ्या हौसेने शांततेचा खेळ लावतो आणि सपशेल आपटतो. पोरे आवाज काढतात, टवाळी करतात, आणि गुरुजी वर्ग लवकर सोडून देतात. दुसऱ्या दिवशी ते गोष्ट सुरू करतात. गोष्ट रंगात आल्यावर मध्येच थांबून म्हणतात, आता हजेरी घेऊ आणि मग पुढे जाऊ. हजेरी बिनबोभाट होते. गिजुभाईंनी इथे मोठी गोम सांगितली आहे. नियम पाळल्यावर मुलाला हवेसे काहीतरी पुढे असेल, तर नियम पाळण्यात अर्थ आहे हे त्याला आपोआप कळते. पुढे काहीच नसेल, तर शांतता ही फक्त शिक्षकाची सोय उरते.

ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि 1957 मध्ये अनुताई वाघांसह त्या कोसबाडला आल्या. तिथे तर प्रश्न आणखी मुळातला होता. वारली पाड्यांवरची मुले शाळेच्या वेळेला शाळेत येतच नव्हती, कारण त्या वेळेला ती गुरांमागे असत. कोसबाडच्या बायांनी मुलांना ‘बेशिस्त’ ठरवले नाही. त्यांनी बालवाडी पाड्याच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्यांसाठी शाळाच कुरणावर गेली. अंगणवाडी आणि कुरणशाळा हे दोन्ही शब्द त्यांच्याच कामातले. हात-तोंड धुणे, केस विंचरणे ही कामे त्यांच्या लेखी शिकवण्याचाच भाग होती. दिनक्रम मुलांच्या जगण्याला धरून बांधायचा असतो, हे साठ-सत्तर वर्षांपूर्वी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात करून दाखवले गेले. आजही ऊसतोडीच्या हंगामामुळे किंवा वीटभट्टीमुळे ज्यांच्या वर्गातली मुले शाळेत उशिरा पोचतात, त्या शिक्षकांनी हजेरीचा नियम लावताना कोसबाड आठवावे.

परदेशात हीच गोष्ट नंतर तपासली गेली. अमेरिकेत साठच्या दशकात वर्तनशास्त्रज्ञ वर्गात जाऊन बसले आणि वहीत नोंदी करू लागले. इलिनॉयमधला 1968चा एक अभ्यास आपल्या प्रत्येक अध्यापक विद्यालयात वाचला जावा असा आहे. नुसते नियम सांगून, भिंतीवर लिहून मुलांच्या वागण्यात फारसा फरक पडला नाही. शिक्षिकांनी चांगल्या वागण्याची दखल घ्यायला आणि किरकोळ आगळिकीकडे काणाडोळा करायला सुरुवात केली, तेव्हा फरक पडला. त्याच सुमारास पहिलीच्या एका वर्गात आणखी गमतीची गोष्ट दिसली. शिक्षिका ‘खाली बसा’ असे जितक्या जास्त वेळा म्हणत, तितकी जास्त मुले उठून उभी राहत! उभे राहिले की बाई आपल्याकडे पाहतात, हे त्यांनी बरोबर हेरले होते.

पुढे जेकब कौनिन या संशोधकाने 1970 मध्ये वर्गातल्या शिस्तीवर पुस्तक लिहिले. वर्गात पेपर वाचणाऱ्या एका विद्यार्थ्याला आपण झापले आणि त्याचा परिणाम इतर सगळ्यांवर कसा झाला, या कुतूहलातून त्याचे काम सुरू झाले होते. शेवटी हाती लागले ते वेगळेच. चांगले आणि सामान्य शिक्षक रागावण्याच्या पद्धतीत फारसे वेगळे नव्हते. वेगळेपण होते गोंधळ होण्याच्या आधी. चांगल्या शिक्षकाचे सगळ्या कोपऱ्यांत लक्ष असे, आणि एका कामातून दुसऱ्या कामाकडे वर्ग वळवताना तो मध्ये पोकळी राहू देत नसे. भाषेचे पुस्तक मिटून गणिताचे उघडेपर्यंतची ती चार मिनिटे ज्याला सांभाळता आली, त्याला वर्ग सांभाळता आला.

आता कौतुकाबद्दल थोडे, कारण इथे आपण वाहवत जातो. ‘शाब्बास’, ‘व्हेरी गुड’, हातावर तारा, ‘आजचा आदर्श विद्यार्थी’. सकाळपासून चाळीस वेळा वाटलेले शाब्बास कोणाच्याच खात्यावर जमा होत नाही. ‘तू दप्तर भिंतीला लावून ठेवलेस, त्यामुळे वाट मोकळी राहिली’ हे वाक्य लांब आहे, पण मुलाला त्यातून काहीतरी हाती लागते. बक्षिसांचे तर आणखी जपून करावे. 1973 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्टॅनफर्डच्या बालवाडीत चित्र काढायची मुळात आवड असलेल्या काही मुलांना आधी सांगून प्रमाणपत्र दिले गेले. नंतर तीच मुले चित्रे काढण्यात इतरांपेक्षा कमी वेळ घालवू लागली. जे मूल आपणहून करते, त्याला कशाला लाच द्यायची? लीला पाटील यांनी 1985 मध्ये कोल्हापुरात सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने शिक्षा आणि चढाओढ दोन्ही बाजूला ठेवून शाळा चालवता येते हे दाखवले. फळ्याच्या कोपऱ्यात ‘बोलणाऱ्यांची नावे’ लिहिणारा मॉनिटर आपण अजून पोसतो. तो वर्गाला शिस्त लावत नाही, चुगली शिकवतो. त्याच मुलाला खडू-डस्टर, पाणी, पुस्तकपेटी अशी कामे द्यावीत आणि ती दर आठवड्याला फिरती ठेवावीत.

छडीबद्दल बोलण्यासारखे फारसे उरलेले नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर 2010 पासून बंदी आहे. उठाबशा, वर्गाबाहेर उभे करणे, बापाच्या धंद्यावरून टोमणा, हे सगळे त्यात आले. ‘छडी गेली म्हणून शिस्त गेली’ असे शिक्षकांच्या खोलीत अजून ऐकू येते. छडी होती तेव्हाही तिच्यामागे शिकवणे नव्हते. ती गेल्यावर ती रिकामी जागा उघडी पडली, इतकेच.

सवयी शिकवण्याची सर्वांत जास्त गरज आहे ती दोनशिक्षकी शाळांना. साठपर्यंत पट असेल तर कायद्याने दोनच शिक्षक मिळतात आणि वर्ग मात्र चार किंवा पाच. गुरुजी पहिलीच्या मुलांना अक्षर गिरवायला शिकवत असताना चौथीने काय करायचे? काम संपल्यावर कोणते पुस्तक घ्यायचे, अडले तर आधी गटातल्या कोणाला विचारायचे, गुरुजींना बोलवायचे तर कोणती खूण करायची, हे चौथीला पाठ असेल तर शाळा चालते. नसेल तर गुरुजी दिवसभर दोन दारांत धावत राहतात. टाळ्यांचा एक ठेका, त्याला मुलांचे उत्तर आणि सगळ्यांचे लक्ष पुढे, एवढी साधी खूणही अशा शाळेत घसा वाचवते. मात्र ती वर्षभर एकच हवी. सोमवारी टाळी, मंगळवारी शिट्टी आणि बुधवारी डस्टर आपटणे असे चालले तर मुले एकाही खुणेला दाद देत नाहीत.

आणि एक कबूल करायला हवे : या सवयी लावण्यासाठी लागणारा वेळ शिक्षकाला मिळत नाही. जूनच्या त्याच पंधरवड्यात पटनोंदणी, आधार जुळणी, गणवेशाची मापे, ऑनलाइन माहिती आणि नाना तऱ्हेचे अहवाल येऊन पडतात. वर्गाची घडी बसवायच्या दिवसांत शिक्षक मोबाइलवर तक्ते भरत बसलेला असतो.

म्हणून या संमेलनाच्या ठरावांत एक ठराव असावा. शाळा सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या दोन आठवड्यांत पहिली ते चौथीच्या वेळापत्रकात वर्गातल्या सवयींसाठी रोज एक तासिका अधिकृतपणे लिहिलेली असावी आणि त्या काळात या वर्गांच्या शिक्षकांकडून कोणतीही ऑनलाइन माहिती मागवू नये. विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुख आज सभागृहात आहेत. हा ठराव त्यांनीच मांडावा, अशी त्यांना विनंती आहे.