रक्तातील पूर्वसूचना

मोठ्या आतड्यातील अर्बुद काढून टाकले, शस्त्रक्रिया यशस्वी झाली, असे शल्यचिकित्सक सांगतो. तरीही रोग्याच्या आणि त्याच्या घरच्या माणसांच्या मनात एक प्रश्न उरतोच: रोग पुन्हा उलटणार तर नाही ना? हा प्रश्न अनाठायी नव्हे. डोळ्यांना दिसणारा रोग काढता येतो. परंतु त्यापूर्वीच काही पेशी रक्तावाटे यकृतात वा फुप्फुसात जाऊन बसलेल्या असू शकतात. प्रारंभी त्या इतक्या थोड्या असतात की कोणत्याही चित्रणात त्यांचा मागमूस लागत नाही. म्हणून संशोधकांनी रक्तातच त्यांच्या खुणा शोधण्याचा मार्ग धरला.

त्यातील पहिली महत्त्वाची खूण १९६५ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांना सापडली. गर्भाच्या आतड्यात विपुल असणारे आणि जन्मानंतर अत्यल्प होणारे एक प्रथिन आतड्याच्या कर्करोगात पुन्हा आढळते, असे त्यांनी दाखविले. ‘सी. ई. ए.’ या संक्षिप्त नावाने ते ओळखले जाते. शस्त्रक्रियेनंतर खाली आलेले त्याचे प्रमाण पुढे चढू लागले, तर चिकित्सक सावध होतो. मात्र हा साक्षीदार सर्वस्वी विश्वासार्ह नाही. धूम्रपान करणाऱ्यांत आणि यकृताच्या काही विकारांत ते प्रमाण एरवीही वाढते. उलट, काही रोग्यांत रोग उलटूनही ते वाढत नाही.

दुसरी खूण अधिक सूक्ष्म आहे. रक्तद्रवात पेशींबाहेरही डी. एन. ए. असते, हे फ्रान्समधील मांडेल आणि मेते यांनी १९४८ साली नोंदविले होते. कर्करोगाच्या पेशी मरताना आपल्या डी. एन. ए.चे तुकडे रक्तात सोडतात आणि त्या तुकड्यांवर त्या अर्बुदाचे विशिष्ट दोष कोरलेले असतात. हे तुकडे काही तासांत नाहीसे होतात. तेव्हा शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवड्यांनीही ते सापडले, तर ते पुरविणारे कोठार शरीरात कोठेतरी शिल्लक आहे, असाच त्याचा अर्थ होतो.

या ज्ञानाचा उपयोग काय? ऑस्ट्रेलियात दुसऱ्या अवस्थेतील ४५५ रोग्यांवर केलेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने त्याचे उत्तर दिले. एका गटाला रसायनोपचार द्यावयाचे की नाही, हे या रक्तपरीक्षेवरून ठरविले. दुसऱ्या गटात नेहमीच्या निकषांवरून. पहिल्या गटात १५ टक्के, तर दुसऱ्यात २८ टक्के रोग्यांना औषध द्यावे लागले. तरीही दोन वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण जवळजवळ सारखेच होते: ९३.५ आणि ९२.४ टक्के. या औषधांनी होणारी ओकारी, थकवा आणि हातापायांना येणारी बधिरता ज्यांनी सोसली आहे, त्यांना या आकड्यांचे मोल सांगावयास नको.

तथापि, रक्त निर्दोष निघाले म्हणजे अभय मिळाले, असे मात्र नव्हे. अशाही काही रोग्यांत रोग परततो. म्हणून ठरलेल्या तपासण्या चुकवून चालत नाही. शिवाय, संकट आधी कळले म्हणजे ते टळलेच, असेही नाही. पुढचा उपचार प्रभावी असेल, तरच पूर्वसूचनेला अर्थ येतो. भविष्य सांगणे हे या परीक्षेचे कार्य नव्हे. कोणाला औषध हवे आणि कोणाला त्याचा जाच टाळता येईल, याचा निवाडा अधिक न्याय्य व्हावा, एवढेच तिचे प्रयोजन. आणि रोग्याच्या दृष्टीने तेही थोडे नाही.